बाळगावे, मात्र दिसू नये

माणसाचं वजन काट्यावर होतं, पण किंमत कमरेवर ठरते. शास्त्रानं ही गोष्ट अजून मान्य केलेली नाही. बीड जिल्ह्यानं ती केव्हाच मान्य करून टाकली आहे. ज्याच्या कमरेला नुसता करदोडा, तो माणूस. ज्याच्या कमरेला मोबाइलचं कव्हर, तो ठेकेदार. आणि ज्याच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल, तो साहेब, मालक, अण्णा, दादा यांतलं जे त्याला आवडेल ते.

सुंदररावांना 'मालक' आवडायचं. आष्टी तालुक्यात त्यांचं गाव (नाव सांगत नाही; सांगितलं तर चार गावं भांडायला येतील, आमचंच म्हणून). तिथं त्यांची बक्कळ जमीन, एक पांढरी गाडी, सोसायटीचं चेअरमनपद आणि एक पिस्तूल होतं. पिस्तुलाच्या अर्जात त्यांनी 'जीवितास धोका' असं लिहिलं होतं. कुणापासून, ते लिहिलं नव्हतं. खरं नाव लिहायचं तर छबुबाईंचं, म्हणजे त्यांच्या मंडळींचं, लिहावं लागलं असतं, आणि एवढं धाडस पिस्तूल हातात येण्याआधी माणसाला होत नाही. (आल्यावरही झालं नाही.)

पिस्तुलाच्या उपयोगाबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत. सिनेमे बघून लोकांना वाटतं, ते झाडायचं असतं. आमच्या पाहणीप्रमाणे (पाहणी पारावर बसून केली, त्यामुळे सगळ्या बाजू ऐकता आल्या) शंभर परवानेवाल्यांपैकी नव्वदांनी जन्मात एक गोळी झाडलेली नाही. नऊ जणांनी झाडली, ती वरातीत, आभाळाकडं. उरलेल्या एकाची आपोआप सुटली, तो खाली बसत होता तेव्हा. हल्ली तो बहुतेक उभाच असतो. एकूण काय, तर पिस्तूल हे सदऱ्याच्या टोकाखालून बोटभर दिसण्याचं यंत्र आहे, आणि बोटभर दिसलं की त्याचं काम होतं.

सुंदररावांनी हे यंत्र कसं वापरलं, ते पाहण्यासारखं होतं. त्यांच्या रानातून पाझर तलावाकडं एक वाट जायची. नाथा म्हणून एक मेंढपाळ आहे, त्याची वस्ती रानाच्या अलीकडं आणि तलाव पलीकडं. नाथाचा आजा त्या वाटेनं मेंढरं पाण्याला न्यायचा, बाप न्यायचा, नाथा न्यायचा. वाट वहिवाटीची होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं सुंदररावांना वाटलं, ही वाट मोडून तिथं डाळिंब लावावं. मग एका सकाळी ते बांधावर जाऊन उभे राहिले. नाथा मेंढरं घेऊन आला. सुंदरराव एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यांनी फक्त सदऱ्याचं टोक वर उचललं आणि कपाळावरचा घाम पुसला. महिना पौषाचा होता, नाथाच्या तोंडातून वाफ निघत होती. पण घाम ज्याचा त्याला माहीत. नाथानं कमरेकडं पाहिलं, मेंढरं वळवली, आणि तेव्हापासून तो मोठ्या सडकेनं फेरा घालून तलावावर जाऊ लागला. सडकेनं उसाचे ट्रक चालतात. दर हंगामाला पाच-सात मेंढरं ट्रकखाली जायची. याला कुणी दमदाटी म्हणणार असेल तर त्यानं घाम पुसणं कोणत्या कलमात बसतं ते आधी सांगावं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वरून हुकूम आला. लोक कमरेची चित्रं काढून मोबाइलवर टाकायला लागले होते, हळदीत पिस्तुलं नाचायला लागली होती, तेव्हा कुणाला तरी जाग आली. हुकूम थोडक्यात असा होता: परवानाधारकाने शस्त्र बाळगावे, मात्र ते दिसू नये. दिसल्यास परवाना रद्द.

सुंदररावांनी हुकूम चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि हनुमानला विचारलं. हा हनुमान त्यांच्या गाडीत पुढं बसतो, उतरल्यावर मागं चालतो आणि बाकी वेळ 'व्हय मालक' म्हणतो. दोन पोरींचा बाप आहे, पण कामाचं स्वरूप हेच.

"दिसायचंच न्हाई तर बाळगायचं कावून बे?"

हनुमान 'व्हय मालक' म्हणाला. प्रश्न एवढा खोल होता, की याहून बरं उत्तर कुठल्या पंडितालाही सुचलं नसतं.

आता पेच असा पडला. पिस्तूल दिसलं तर परवाना जाणार. घरी ठेवलं तर ते छबुबाईंच्या ताब्यात जाणार. म्हणजे ते अंगावर पाहिजे, कपड्याखाली पाहिजे, आणि दिवसभर वागवायचं म्हणजे टोचता कामा नये. सुंदररावांनी पुण्याला माणूस पाठवून चार तऱ्हेची होल्स्टरं, म्हणजे पिस्तूल अडकवायच्या खोळी, मागवली आणि ते प्रयोगाला लागले. या विषयावर मराठीत अजून ग्रंथ नाही, म्हणून त्यांचे निष्कर्ष इथं जरा सविस्तर देतो.

पहिली अडचण कपड्याची. पुढाऱ्याचा सदरा पांढऱ्या लिननचा असतो, आणि त्या कापडातून चारित्र्य सोडून बाकी सगळं दिसतं. आत काळं होल्स्टर घातल्यावर ते भर बाजारात पाटीसारखं वाचता येऊ लागलं. रंगीत सदरा घालून पाहिला, तर गावात विचारपूस सुरू झाली की सुंदररावांनी पक्ष बदलला का. एकदा रंगावरून अफवा उठली की निस्तरायला दोन सभा लागतात, म्हणून रंगीत सदरा हनुमानला देऊन टाकला.

दुसरी अडचण पोटाची. परदेशात म्हणे कमरेच्या पुढच्या बाजूला पिस्तूल खोवतात. त्या लोकांना पंगत माहीत नाही. मांडी घातली की सुंदररावांचं पोट पुढं येऊन मांडीवर विसावतं, आणि मधे जी वस्तू सापडेल तिचा चेंदामेंदा होतो. या खेपेला मधे लोखंड होतं, त्यामुळे चेंदामेंदा पोटाचा झाला. एका वास्तुशांतीला दुसरी पुरणपोळी वाढायला आलेल्या माणसाला त्यांनी हात आडवा केला. चेअरमननं एका पोळीवर हात आखडला म्हणजे सोसायटीत काहीतरी घोटाळा उघडा पडतोय, असं पंगतीत बोललं गेलं. पुढं लिंबागणेशला दर्शनाला गेले आणि गणपतीपुढं वाकले, तशी मूठ बरगडीत गेली. सुंदरराव 'आई गं' म्हणून जे ओरडले, त्यानं पुजारी गहिवरला. एवढी भक्ती हल्ली कुठं बघायला मिळते, म्हणाला.

मग पाठीमागं लावून पाहिलं. तसं गाडीत बसलं की मणक्यात घुसतं आणि लोडाला टेकलं की माणूस एका अंगाला कलतो. तीन दिवस सुंदरराव कलूनच बसले आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला अशी बातमी धर्मापुरीच्या पाहुण्यांपर्यंत पोचली. खांद्यावरून पट्टा घेऊन काखेत अडकवलं, तर चैत्राच्या उन्हात काखेला घामोळं उठलं आणि हात जोडता येईना. पुढाऱ्याला एक वेळ काम करता आलं नाही तरी चालतं, हात जोडता आलेच पाहिजेत. पायाच्या घोट्याला बांधण्याचा प्रकार त्यांना तसा पसंत पडला होता, कारण पाया पडणाऱ्याच्या हाताला ते लागायचं आणि हुकूमही मोडायचा नाही. पण पाया पडणारी माणसं लबाड. ती गुडघ्यापर्यंतच वाकतात.

शेवटी छबुबाई वैतागल्या. रात्रंदिवस नवऱ्याचं अंग चोळून त्यांचे हात भरून आले होते. त्या म्हणाल्या, बाजाराला जाणारे बैलाचे व्यापारी एवढे पैसे अंगावर वागवतात, त्यांना कुठं टोचतं का? त्यांची बंडी बंकट शिवतो. जा तिकडं, आन् मला झोपू द्या.

बंकट टेलर म्हणजे चोरखिशाचा बादशहा. आष्टीच्या जनावर बाजारात खिसेकापूंची नजर एवढी तयार, की त्यांच्याशी झुंजण्यात बंकटची हयात गेली. बंडीच्या आत, काखेच्या खाली तो असा खिसा बसवतो, की बाहेरून चाचपलं तरी हाताला लागत नाही. खिशावर झाकण, झाकणाला दोन गुंड्या, आत चेन, चेनच्या आत नाडी आणि नाडीला व्यापारी गाठ. बंकटचा दावा असा, की त्याच्या खिशातून आजवर एक रुपया कुणी मारलेला नाही. (खुद्द व्यापाऱ्यांनाही घरी जाऊन बंडी काढल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि त्यामुळे त्यांची दारू सुटली, असं त्यांच्या बायका सांगतात.)

बंकटनं माप घेतलं. काय ठेवायचं, हे विचारलं नाही; चोरखिसेवाला ते विचारत नसतो. लांबी-रुंदी घेतली, आतून जुन्या गोधडीचा कापूस भरला आणि चार दिवसांत बंडी दिली. सुंदररावांनी ती घातली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काही म्हणजे काही टोचेना. मांडी घालून बसले, लोडाला टेकले, गणपतीपुढं वाकले, अहो, बंडी घालून झोपलेसुद्धा. आरशासमोर उभं राहून पाहिलं तर अंगावर पिस्तूल आहे, हे त्यांचं त्यांना खरं वाटेना. हुकुमाचं इतकं तंतोतंत पालन साऱ्या तालुक्यात कुणी केलं नसेल.

आणि तिथूनच घसरण सुरू झाली.

आठवडाभरात नमस्कार निम्म्यावर आले. आधी लोक लांबून हात जोडायचे, आता जवळ आल्यावर जोडू लागले. मग नुसती मान हलवू लागले. गिरणीत एका म्हातारीनं त्यांच्या डब्याच्या पुढं आपला डबा सरकवला. लग्नात माइकवर त्यांचं नाव नवऱ्याच्या मामाच्या खाली गेलं. सुंदररावांचा परवाना काढून घेतला, ही खोटीच गोष्ट गावात कुणी कुणाला सांगितली नाही. ती सगळ्यांना एकदमच समजली. आता सुंदररावांनी काय करावं? आहे म्हणून सांगावं तर पोरकटपणा, आणि दाखवावं तर परवाना जातो. चारचौघांत बसले की ते उजवी काख चाचपून 'आज जरा जड वाटायलंय' असं म्हणायचे. लोक म्हणायचे, मालक, वय झालं, आता तपासून घ्या.

रात्री त्यांनी हनुमानजवळ मन मोकळं केलं. इतकी वर्षं लोक आपल्याला मानतात असं त्यांना वाटत होतं. लोक तर लोखंडाला मानत होते.  हनुमाननं सवयीनं 'व्हय मालक' म्हटलं.

वैशाखात तलावाचं पाणी खाली गेलं. सडकेच्या बाजूनं नुसता गाळ राहिला, पाणी राहिलं ते सुंदररावांच्या रानाच्या अंगाला. तेव्हा एका सकाळी नाथा मेंढरं घेऊन सरळ जुन्या वाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. वाटेचं तोंड फाट्यावर, चहाच्या हॉटेलाला लागून आहे. बाकांवर वीस-पंचवीस माणसं चहा घेत बसली होती. चहाला आलेल्या हनुमाननं फोन केला आणि सुंदरराव गाडी काढून आले. इथं मागं सरलो तर डाळिंबही गेलं आणि मालकपणही गेलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. उद्या गिरणीतली ती म्हातारी डोक्यावर बसणार.

ते वाटेत आडवे उभे राहिले. नाथाही उभाच राहिला. एवढ्या उन्हात त्याच्या खांद्यावरून घोंगडी पांघरलेली होती आणि डावा हात घोंगडीच्या आत होता.

"मालक, वाट वहिवाटीची हाय. तुमच्या वडलांनी कधी आडवली न्हाई," नाथा म्हणाला. "मेंढरं काल दुपारपासून तहानलीत. आमी जातो."

सुंदररावांनी सदऱ्याचं टोक उचललं आणि घाम पुसला. खाली बंडी होती. बंडी स्वच्छ धुतलेली होती. नाथानं ती पाहिली आणि जागचा हलला नाही.

मग मात्र सुंदररावांचं डोकं फिरलं. त्यांनी सदऱ्यात हात घातला. पहिली गुंडी निघाली. दुसरी निघता निघता तुटली. चेन अर्ध्यावर आली आणि आतल्या कापसात अडकली. सुंदररावांनी कोपर वर करून, मान वाकडी करून जोर लावला, तेव्हा चेन सुटली आणि बोटं नाडीच्या गाठीला लागली. व्यापारी गाठ एका हातानं सुटत नसते. ती तशी सुटली असती तर बंकटचं नाव झालंच नसतं. त्यांनी हनुमानला खूण केली. हनुमाननं मालकाच्या सदऱ्यात डोकं घातलं आणि गाठ दातांनी धरली.

नाथा हे सगळं शांतपणे बघत होता.

"सावकाश काढा, मालक," तो म्हणाला. "मी कुठं जात न्हाई. मेंढरं तेवढी जाऊ द्या तवर."

आणि त्यानं तोंडानं 'हुर्र' केलं. मेंढरं निघाली. सुंदररावांच्या दोन्ही बाजूंनी, हनुमानच्या पायांमधून, डाळिंबाच्या रोपांवरून मेंढरं गेली. शेवटचं मेंढरू गेलं तेव्हा गाठ सुटली. सुंदररावांच्या हाताला मूठ लागली. त्याच वेळी त्यांना समोर सात-आठ मोबाइल धरलेले दिसले, आणि हुकूम आठवला. आणि त्याच वेळी त्यांनी नाथाकडं पाहिलं. नाथाचा डावा हात अजून घोंगडीखालीच होता.

सुंदररावांएवढा या शास्त्राचा अभ्यास पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. घोंगडी! ढगळ, जाड, काळी. गुंडी नाही, चेन नाही, नाडी नाही. मांडी घाला, वाका, टेका, कुठं टोचायचं नाव नाही.  त्यांनी खिशातून हात मोकळाच बाहेर काढला आणि वाटेतून बाजूला झाले.

नाथा त्यांच्या जवळून पुढं गेला. तलावाच्या काठाला बसून त्यानं घोंगडी बाजूला केली आणि आतलं कोकरू खाली सोडलं. पहाटेच जन्मलेलं, पायात बळ नव्हतं म्हणून तो उबेला धरून आला होता.

हे कोकरू मागाहून आलेल्या सगळ्यांनी पाहिलं. कौतुकही केलं. लई गोड हाय म्हणाले, आणि एकमेकांकडं बघून हसले. कोकरासाठी म्हणे हात आत! नाथानं घोंगडी झटकून दाखवली. ज्याअर्थी झटकून दाखवतोय, त्याअर्थी दुसरीकडं ठेवलंय, असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून 'नाथ्या बे' जाऊन 'नाथाभाऊ' आलं. गिरणीत त्याचं पीठ आधी दळून मिळालं. सुंदररावांच्या संयमाचंही कौतुक झालं. शस्त्र असूनही ते न दाखवल्याबद्दल शांतता समितीनं त्यांना शाल दिली. त्या महिन्यात जिल्ह्यात घोंगड्यांचा भाव दुप्पट झाला आणि ऐन वैशाखात चार चेअरमन अन् दोन माजी सभापती घोंगडी पांघरून लग्नं लावत हिंडू लागले. एकाला उष्माघात झाला.

नाथा बिचारा भेटेल त्याला सांगत सुटला. माझ्याजवळ काही न्हाई, मी वहिवाट म्हून गेलो, वाट माझ्या आज्यापासूनची हाय. पुन्हा पुन्हा सांगितल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी एक-दोघांना शंका आली, की खरंच काही नसेल तर? ती शंका संध्याकाळपर्यंत सुंदररावांच्या कानावर गेली. दुसऱ्या सकाळी वाटेच्या तोंडाशी तोडलेल्या काटेरी फांद्यांची फेस आडवी पडलेली होती.

नाथा मेंढरं घेऊन माघारी आला, तेव्हा त्याची बायको दगडाबाई दारात उभी होती. तिनं मेंढरांच्या वाळलेल्या जिभा पाहिल्या.

"तुमाला खरं बोलायचं हाय का मेंढरांना पाणी पाजायचं हाय?" तिनं विचारलं. "घोंगडी घ्या. हात आत घाला. आन् कुणी इचारलं तर काई बोलू नका."

 आज्याच्या वाटेनं जायला नाथाला आजवर कुणाला भीती घालावी लागली नव्हती. मग त्यानं घोंगडी पांघरली, डावा हात आत घातला आणि फाट्यावर गेला. कुणाशी एक शब्द बोलला नाही. हनुमाननं धावत येऊन काट्याची फेस ओढून बाजूला केली.

आता कोकरू चांगलं मोठं झालं आहे आणि कळपात आपल्या पायांनी उड्या मारत जातं. नाथाचा हात मात्र घोंगडीखालीच असतो. भर उन्हात अंगाला घामोळं उठलंय, खांदा आखडलाय, पण हात काढायची सोय नाही. काढला की वाट बंद.

तुम्ही सुंदररावांना पोट धरून हसलात, ठीक आहे, हसण्यासारखेच आहेत ते. पण फाट्यावर त्या दिवशी वीस-पंचवीस माणसं होती, आणि त्यांतल्या एकानं जरी उठून 'वाट त्याची हाय' एवढं म्हटलं असतं, तर नाथाचा हात आज मोकळा असता. एकही उठला नाही. आणि त्यांना नावं ठेवायच्या आधी जरा आठवून पाहा. वाट वहिवाटीची आहे, हे तुम्हाला या गोष्टीत तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही चहाचा घोट घेऊन पुढं वाचत गेलात. नाथाचा हात घोंगडीत आहे म्हटल्यावर मात्र कप खाली ठेवलात, आणि आतून कोकरू निघालं तेव्हा, खरं सांगा, जरा हिरमुसलातच.